खानदेशातले सहा दिवस आणि नानांचा प्रश्न

मंगळवारची रात्र, बुधवारची सकाळ

नगर स्टेशनात गाडी मध्यरात्र उलटल्यावर आली. पिशवीत चार साड्या, एक शाल, बीपीचं मशीन (सवय सुटत नाही) आणि खिशात मावतील असे तीन नवे करार, म्हणजे बायबलचा येशूविषयी सांगणारा भाग. चौतीस वर्षं नर्सची नोकरी केली, निवृत्त होऊन दीड वर्ष झालं. वॉर्डात असताना पेशंटपाशी धर्माचा विषय काढायचा नाही, हा नियम मी माझा मीच घालून घेतला होता. खाटेवर पडलेल्या माणसाला कंटाळा आला तरी उठून जाता येत नाही. त्याच्यापुढे आपल्या देवाचं बोलायचं म्हणजे त्याच्या अडचणीचा फायदा घ्यायचा. आता मात्र मी मोकळी होते, आणि समोरचाही उठून जायला मोकळा. या प्रवासात कुणी विचारलं, तर येशूविषयी आडपडदा न ठेवता बोलायचं, असं ठरवून निघाले होते.

खानदेशच का, तर माझी पणजी तिथली. छपन्याच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० साली, सात-आठ वर्षांची असताना ती नगरच्या मिशनच्या अनाथगृहात आली. गावाचं नाव तिला सांगता येत नव्हतं, नदी तेवढी आठवायची. पुढे सगळं आयुष्य नगरात गेलं, तरी मरेपर्यंत ती ‘आहे’च्या जागी ‘शे’ म्हणत राहिली. ती खानदेशची, हे घरच्यांनी त्या एका ‘शे’वरून ताडलं. तिची मुलगी, माझी आजी, बायबलबाई झाली. खेडोपाडी बायकांमध्ये बसून शुभवर्तमान वाचून दाखवायची.

आगगाडीत बसलं की मला रेव्हरंड ना. वा. टिळक आठवतात. १८९३ साली ते राजनांदगावला चालले होते. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. गप्पा आधी रंगल्या त्या संस्कृत काव्यावर. उतरायच्या वेळी त्याने टिळकांच्या हातात नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं म्हणाला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. पुढे ते आमच्या नगरलाच राहिले. ही हकीकत आजी मला सांगायची तेव्हा तिचा जोर भविष्यवाणीवर नसायचा. ती म्हणायची, “आधी त्यानं कवितेचं ऐकून घेतलं, हे ध्यानात ठेव.”

माझ्या समोरच्या बाकावर एक आजी आणि तिचा तीन वर्षांचा नातू होता. पोराचं अंग तापानं फणफणलेलं. मी ओल्या रुमालानं त्याचं कपाळ, काखा, पाय पुसत बसले, मधूनमधून चमच्यानं पाणी पाजलं. मनमाड गेलं, नांदगाव गेलं. पहाटे ताप उतरला आणि पोरगं झोपलं. चाळीसगाव जवळ आलं तशी बाई बोचकं आवरायला लागली.

“तुम्ही कोन लोके माय?”

“मी ख्रिस्ती.”

“येसूवाला?”

“हो.”

“आमना गावमा बी शेतस दोन घरं. चांगला लोके शेतस.”

तो ‘शेतस’ कानावर पडला आणि मला एकदम पणजीच भेटल्यासारखं झालं. याच्यासाठी प्रार्थना करू का, असं विचारलं. ती म्हणाली, “करा ना माय.” गाडी फलाटात शिरत होती. दोन वाक्यांची प्रार्थना झाली. तिच्या गावातली ती दोन घरं कुणाची, मला ठाऊक नाही. पण माझं अर्धं काम त्यांनी आधीच करून ठेवलं होतं.

गुरुवार, आसोदे

जळगावला मी उतरले ते माझ्या वॉर्डातल्या जुन्या मैत्रिणीकडे. ती लेवा पाटील समाजातली, माहेर आसोद्याचं. आसोदे जळगावला अगदी लागून, बहिणाबाई चौधरींचं जन्मगाव. सकाळी तिथे जाऊन आलो. अक्षर न शिकलेली बाई जात्यावर, शेतात, चुलीपुढे देवाशी बोलली आणि ते बोलणं अवघ्या महाराष्ट्राला पुरलं. तिच्या गावच्या मातीत उभं राहून मला माझ्या आजीच्या फाटक्या पिशवीची फार आठवण झाली.

परतताना भादली स्टेशनही पाहिलं. धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, १९१८ च्या मे महिन्यात इथेच रूळ ओलांडताना गेले. वय जेमतेम सत्तावीस. टिळकांनी त्यांना नगरला आपल्या घरी ठेवून घेतलं होतं. टिळक ख्रिस्ती, ठोमरे हिंदू, आणि टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या घरात दोघांना एकच चूल. आमच्याकडे साक्ष देण्यावर, म्हणजे आपला विश्वास दुसऱ्याला सांगण्यावर, पुष्कळ प्रवचनं होतात. त्या घरातल्या पानाची आठवण त्यात फारशी कुणी काढत नाही, ती काढायला हवी.

संध्याकाळी मैत्रिणीचे थोरले भाऊ, नाना, यांच्या शेतात भरताचा बेत होता. चंपाषष्ठी होऊन गेलेली, त्यामुळे वांग्याला आता आडकाठी नव्हती. पऱ्हाटीचा जाळ केला, त्यात ती पांढुरकी-हिरवी मोठाली वांगी भाजली, साल काढून लाकडी बडगीत ठेचली. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि सोबत कळण्याच्या पुऱ्या. केळीच्या पानावर वाढलेलं ते भरीत खाताना कुणी बोलत नव्हतं, इतकं ते छान झालं होतं. थंडी चांगलीच होती. जेवणं झाल्यावर सगळे शेकोटीभोवती सरकले.

नानांच्या पुतण्यानं विषय काढला. इंजिनिअर आहे, बोलायला सरळ.

“मावशी, राग मानू नका. तुम्ही लोक बाटवायलाच फिरता ना?”

मैत्रीण त्याच्यावर डोळे वटारायला लागली. मी तिला थांबवलं. हा प्रश्न माझ्या पाठीमागे विचारला जातो, समोर कधीच नाही. समोर विचारणाऱ्याचे मी आभारच मानले.

म्हटलं, “येशू सगळ्यांना कळावा असं मला वाटतं. नाही म्हटलं तर ते खोटं होईल. पण मन पालटणं माझ्या हातचं नाही. पैसे देऊन, भीती घालून किंवा फसवून पालटलेलं मन प्रभूच्याही कामाचं नाही. कुणी तसं करत असेल तर तो माझ्याच प्रभूचं नाव खराब करतो.”

“पण दुष्काळात धान्य देऊन केलेच ना ख्रिस्ती?”

मग मी पणजीची गोष्ट सांगितली, काही न लपवता. मिशननं तिला भाकरी दिली आणि पुढे बाप्तिस्माही दिला, हे खरं. त्या वयाच्या पोरीला निवड कसली करता येणार, हेही खरं. ती मोठी झाल्यावर कुणीतरी तिला हेच विचारलं होतं. ती म्हणाली होती की भाकर खाऊन जगलेल्या शंभर पोरी होत्या, त्यातल्या कितीतरी पुढे देवाचं नावही घेत नव्हत्या. “माझ्यावर कुणाची बळजोरी नाही, मी रात्री एकटी असताना त्याच्याशी बोलते,” असंही ती म्हणाली होती. यापलीकडे माझ्यापाशी उत्तर नव्हतं आणि मी ते ओढूनताणून आणलंही नाही.

पुतण्या गप्प राहिला. पटलं असं नाही, पण ऐकलं. नाना म्हणाले, “छपन्याचं आमच्या आज्यानंही सांगेल आहे. झाडाचा पाला खाल्ला लोकांनी.” मग पऱ्हाटीची काडी जाळात सरकवत म्हणाले, “जाऊ द्या ते. ताई, तुमच्या येशूची एखादी गोष्ट सांगा. कीर्तनात सांगतात तशी.”

मी उधळ्या पुत्राची सांगितली. ती मला सगळ्यात आवडते आणि शेतात सांगायला तिच्यासारखी दुसरी नाही. बापाला दोन मुलं. धाकट्यानं बाप जिवंत असताना वाटणी मागितली, हिस्सा घेऊन दूरदेशी गेला, सगळा पैसा उडवला. तिकडे दुष्काळ पडला. डुकरं राखायची पाळी आली, त्यांच्या पुढ्यातल्या शेंगा खाव्याशा वाटायला लागल्या. तेव्हा त्याला बापाचं घर आठवलं. मजूर म्हणून ठेवा म्हणायचं असं घोकत तो निघाला. आणि बापानं त्याला लांबूनच पाहिलं. म्हातारा माणूस, पण धावत सुटला. पोराचं घोकलेलं बोलणं पुरं व्हायच्या आतच त्याच्या गळ्यात पडला, अंगठी घातली, पायात पायतण घातलं, घरात मोठी पंगत मांडली. (पोसलेल्या वासराचा उल्लेख मी गाळला. ज्यांच्या पानावर जेवले, त्यांच्या मनाचा विचार करायला हवा.)

इथे मी थांबले. मी नेहमी इथेच थांबते, बापाच्या मिठीपाशी.

कुणी काही बोललं नाही. पुतण्या खाली मान घालून राख उकरत होता. नाना उठले आणि मोटार बंद करून येतो म्हणून अंधारात निघून गेले. माझं काय चुकलं ते मला कळेना.

रिक्षातून जळगावला परतताना मैत्रिणीनं सांगितलं. नानांचा धाकटा भाऊ अकरा वर्षांपूर्वी हिस्सा विकून सुरतला गेला होता. कापडाच्या धंद्यात सगळं बुडालं. दोन वर्षांपूर्वी परत आला, गावाच्या कडेला भाड्याच्या खोलीत राहतो, दुसऱ्यांच्या केळीबागेत घड वाहतो. नाना त्याच्याशी बोलत नाहीत. पुतण्या म्हणजे त्याचाच मुलगा, नानांनीच शिकवलेला.

मला घाम फुटला. देवाशपथ, मला यातलं काही माहीत नव्हतं.

पण निघताना एक झालं होतं. हात जोडून निरोप घेतला तेव्हा नानांनीच विचारलं होतं, “ही गोष्ट कुठं छापेल आहे का?” मी एक नवा करार काढला, लूककृत शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायापाशी बसचं तिकीट खुणेला घालून दिला. ते म्हणाले, “अक्षर लई बारीक आहे. नात वाचीन.”

शुक्रवार, अमळनेर

सुरतेकडे जाणाऱ्या गाडीनं अमळनेर गाठलं. पाळधी, धरणगाव, दोन्ही बाजूंना कापूस, बहुतेक वेचणीला आलेला. अमळनेरला मुक्काम एका जुन्या ख्रिस्ती कुटुंबात होता. त्यांच्याबरोबर प्रताप हायस्कूल बाहेरून पाहिलं. साने गुरुजी १९२४ पासून सहा वर्षं इथे शिकवत होते आणि वसतिगृहातल्या मुलांची कामं आपल्या हातानं करत.

चहाच्या टपरीवर एक निवृत्त मास्तर भेटले. यजमानांनी माझी ओळख करून दिली तसे ते म्हणाले, “सिस्टर, गुरुजींनी कंदिलाच्या काचा पुसल्या, पोरांचे कपडे घडी केले. तुम्हीही चौतीस वर्षं सेवा केली. तेवढं पुरे की. वर येशूचं नाव कशाला?”

प्रश्न चांगला होता आणि मला तो झोंबला. म्हटलं, “मास्तर, सेवा माझी असती तर नाव घेतलं नसतं. रात्रपाळीला तिसऱ्यांदा बेडपॅन उचलताना माझ्यातलं प्रेम कधीच संपलेलं असायचं. उरायचं ते त्याच्याकडून आलेलं. ज्याचं उसनं घेतलं त्याचं नाव न सांगणं मला बरं वाटत नाही.”

मास्तरांनी कप खाली ठेवला. “हे तुमचं झालं. मला अजून गरज वाटत नाही,” म्हणाले. पैसे मात्र त्यांनीच दिले, मला देऊ दिले नाहीत.

शनिवार, अमळनेर ते चिंचपाडा

हा दिवस लिहायला जड जातो.

गाडीत शेजारी माझ्याच वयाची बाई होती. बोलता बोलता तिनं मोबाइलमधला फोटो दाखवला. मुलगा, सव्वीस वर्षांचा, चार महिन्यांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात गेला. तिचा अंगठा फोटोवरून फिरत होता. आणि मी बोलायला लागले. देवाची योजना, पुनरुत्थान, तो चांगल्या ठिकाणी आहे, येशू सांत्वन करतो. सगळं खरं. माझा त्यातल्या शब्द न् शब्दावर विश्वास आहे. पण तिनं काही विचारलं नव्हतं. तिनं फक्त फोटो दाखवला होता.

तिनं मोबाइल पालथा घातला, डोईवरचा पदर पुढे ओढला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. दोंडाईचाला उतरताना तिनं मागे वळून पाहिलं नाही. मी दारापर्यंत गेले, पण हाक मारायला तिचं नावही मला माहीत नव्हतं. तेसुद्धा मी विचारलं नव्हतं.

मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या, कबरेपाशी आलेल्या येशूला माहीत होतं की थोड्या वेळानं लाजर उठून बाहेर येणार. तरी तो आधी रडला. योहानानं आपल्या शुभवर्तमानात ते दोनच शब्दांत लिहून ठेवलंय. मी पन्नास वर्षं ते वाचते आहे. येशूचा शिष्य पेत्र आपल्या पत्रात म्हणतो की तुमच्या आशेविषयी जो विचारील त्याला उत्तर द्यायला सिद्ध असा, पण ते सौम्यतेने व भीडस्तपणाने द्या. जो विचारील त्याला. हेच मी निघताना ठरवलं होतं आणि पाचव्या दिवशी विसरले.

नंदुरबार यायच्या आधी हवेत मिरचीचा ठसका आला. सगळा डबा शिंकायला लागला. मिरचीच्या मोकळ्या पथाऱ्या लालभडक, जमीन दिसू नये इतक्या. एरवी मी ते बघत राहिले असते. त्या दिवशी डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्याला मिरचीचं निमित्त मिळालं, एवढंच.

चिंचपाड्याला उतरले तेव्हा अंधारलं होतं. माझी नर्सिंगची मैत्रीण स्टेशनवर घ्यायला आली होती. मी काही न बोलता तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि तिनं काही विचारलं नाही.

रविवार, चिंचपाडा

इथलं ख्रिस्ती रुग्णालय १९४२ पासून चालू आहे. नवापूर तालुका आदिवासी बहुल, मावची, गावित, भिल्ल, कोकणी अशी वस्ती. सर्पदंश, सिकलसेल, अडलेली बाळंतपणं. मैत्रिणीला या भागात काम करून तीन दशकं झाली, तिला मावची बोलता येतं. सकाळी एका पाड्यावरच्या मंडळीत उपासनेला गेलो. आगमनकाळ चालू होता, नाताळ दोन आठवड्यांवर. गाणी थोडी मराठीत, बहुतेक मावचीत. माणसं जमिनीवर, पोरं आईच्या पाठीशी, दाराशी चपलांचा ढीग.

पाळकांनी पाहुण्या म्हणून मला साक्ष द्यायला उभं केलं. मी तयारी करून ठेवलेली साक्ष बाजूला ठेवली आणि दोंडाईच्याला उतरलेल्या बाईची हकीकत सांगितली. मैत्रीण मावचीत सांगत होती. सांगून झाल्यावर पाळकांनी त्या बाईसाठी प्रार्थना करायला लावली. नाव माहीत नाही म्हणून सगळे ‘ती आई’ एवढंच म्हणत होते. आदिवासी पाड्यावरची दीडशे माणसं दोंडाईच्याच्या एका आईसाठी प्रार्थना करत होती आणि तिला ते कधी कळणार नाही.

नंतर एका म्हाताऱ्या बाईनं माझा हात धरून बसवून घेतलं. शंभर वर्षांपूर्वी या भागात स्वीडनहून, अमेरिकेहून मिशनरी आले, हे मला वाचून माहीत होतं. तुमच्या घरी विश्वास कुठल्या साहेबानं आणला, असं मी विचारलं. ती हसली. साहेब कुणी नव्हता, तिचा मावसभाऊ होता. तो दारू प्यायचा, बायकोला मारायचा. मग एका वर्षी त्यानं दोन्ही सोडलं. हिच्या नवऱ्यानं त्याला विचारलं, तुला काय झालं? त्यानं सांगितलं. पुढच्या पेरणीपर्यंत यांच्याही घरातली दारू गेली.

“तो न विचारताच सांगायला आला असता तर?” मी मैत्रिणीकरवी विचारलं.

म्हातारीचं उत्तर मैत्रिणीनं हसत हसत मराठीत आणलं. “हाकलून दिला असता. दारूडा होता ना तो.”

तिनं आणखीही सांगितलं, न विचारता. तिच्या सख्ख्या दिराच्या घराशी बोलणं नाही. देवाला बोकड देत नाही म्हणून ते लोक नाराज आहेत. लग्नकार्यातही यांना बाजूला बसवतात. ती भांडत नाही. दिराच्या सुनेचं बाळंतपण अडलं तेव्हा रात्री हीच तिला बैलगाडीतून दवाखान्यात घेऊन आली होती. त्यानंतरही बोलणं सुरू झालेलं नाही. हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती. भात झोडायची तारीख सांगावी तसं तिनं सांगितलं.

सोमवार, नवापूर

परतीची गाडी नवापूरहून होती. या स्टेशनाची गंमत सगळ्यांना माहीत आहे. मधूनच राज्याची हद्द जाते. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत, आणि एका बाकावर मधोमध रेघ मारून दोन्हीकडे राज्यांची नावं लिहिलेली. लोक तिथे बसून फोटो काढतात. आम्हीही काढला. मैत्रीण गुजरातेत, मी महाराष्ट्रात. तिनं नवापूरची तूरडाळ बांधून दिली होती, दोन किलो, नको नको म्हणत असताना.

गाडीला वेळ होता. फोन वाजला, नंबर अनोळखी.

“ताई, आसोद्याहून नाना बोलतो.”

“बोला नाना. कसे आहात?”

“बरं आहे. नातीनं वाचलं ते.” थोडा वेळ काही नाही, मागे मोटारीचा आवाज. “तुम्ही त्या दिवशी अर्धीच सांगितली. त्याच्यात थोरला बी आहे म्हणे. शेतात होता तो. वाजंत्र्याचा आवाज ऐकून बाहेरच थांबला.”

माझं काळीज धडधडायला लागलं. “हो नाना. तिथपर्यंत मी आलेच नाही.”

“इतकी वर्सं राबला तो. त्याच्यासाठी एक दिवस पंगत नाही झाली. चुकीचं नाही बोलला तो.”

मी काही बोलले नाही. या वेळी मला ते जमलं.

“मंग तो थोरला घरात गेला का नाही? नातीनं पुढचं पान पाहिलं, तिथं दुसरीच गोष्ट चालू होते.”

“लिहिलेलं नाही, नाना. येशूनं गोष्ट तिथेच सोडली.”

पुन्हा नुसता मोटारीचा आवाज. मग ते म्हणाले, “बाप मात्र बाहेर आला होता त्याला बोलवायले.”

“हो. त्याच्यासाठीही आला होता.”

“हं.”

गाडीची घोषणा सुरू झाली, एकामागून एक भाषेत. मैत्रीण पिशवी उचलून उभी राहिली.

“ठेवतो मंग,” नाना म्हणाले. “वांगी अजून महिनाभर राहतील. पोराला, म्हणजे पुतण्याला, सांगतो तुमचं तिकीट काढायले. येताना मोठ्या अक्षराचं मिळालं तर आणा.”

पिशवीत दोन नवे करार उरले आहेत, दोन्ही बारीक अक्षरांचे. उद्या नगरला पोचले की मोठ्या अक्षरांचा शोधायचा.